मोबाईलवर तर चालतंय!

बंद पडलेल्या वस्तूला आपल्याकडे मान असतो. मिक्सर बंद पडला की घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती जमतात. कुणी प्लग हलवून बघतं, कुणी बुडाखालचं लाल बटण दाबतं. लिफ्ट बंद पडली तर सोसायटीचे सेक्रेटरी जेवण अर्धवट टाकून खाली येतात. वीज गेली तर अख्खी विंग गॅलरीत येऊन ‘तुमच्याकडेही गेली का?’ विचारते आणि ‘हो’ ऐकून समाधानाने आत जाते. मंद पडलेल्या वस्तूला मात्र कुणी विचारत नाही. ती चालू असते, एवढाच तिचा गुन्हा. आणि चालू वस्तूबद्दल तक्रार करणारा माणूस कटकट्या ठरतो.

लिनक्सवाल्या लॅपटॉपवरचं मंद वायफाय हे या जमातीतलं सर्वांत निर्ढावलेलं. कोपऱ्यातलं वायफायचं चित्र पूर्ण भरलेलं असतं. जोडणी झाल्याचा निरोप आलेला असतो. पासवर्ड बरोबर असतो. आणि पान उघडतं कसं, तर आधी वरची निळी पट्टी, मग बराच वेळ काही नाही, मग जाहिरात, मग पुन्हा काही नाही. आणि बातमी दिसेपर्यंत ती शिळी झालेली. व्हिडिओ कॉलवर साहेबांचं तोंड उघडतं ते उघडंच राहतं. ते काय म्हणाले हे पोचायच्या आधीच आपण ‘येस सर’ म्हणून मोकळे झालेलो असतो. (यामुळे कुणाचं नुकसान झाल्याचं आजवर ऐकिवात नाही, ही गोष्ट वेगळी.)

अशा वेळी आतल्या खोलीतून जे वाक्य येतं ते ठरलेलं असतं. ‘मोबाईलवर तर चालतंय!’

हे वाक्य बायको म्हणते, मुलगी म्हणते, कस्टमर केअरचा मुलगा म्हणतो, आणि शेजारचे काका दारातून नुसते डोकावले तरी म्हणतात. वाक्य साधं आहे, पण त्यात अख्खं आरोपपत्र आहे. दोष नेटचा नाही. दोष राउटरचा नाही. दोष तुमच्या लॅपटॉपचा आहे, त्यातही तुम्ही हौसेने त्यात जे काही घातलंत त्याचा आहे आणि खोलात गेलं तर तुमच्या स्वभावाचाच आहे.

तर ते घातलं का? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला. घरोघरचे असे लॅपटॉप, ज्यांच्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती पण बाकी तब्येत ठणठणीत होती, एका दिवसात म्हातारे ठरले. कारण विंडोज ११ त्यांना उंबऱ्याच्या आत घेईना. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी नवे घेतले. ज्यांच्या डोक्यात किडा होता त्यांनी लिनक्स टाकलं. आमच्या घरात किड्याची सोय होती.

लिनक्स टाकलेला माणूस गप्प बसत नाही, ही त्याची खरी अडचण. तो साखरपुड्यात बोलतो, बाराव्याला बोलतो. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, जुन्या मशीनवर पळतं, असं तो समोरच्याची बासुंदी संपेपर्यंत ऐकवतो. त्यामुळे त्याचं वायफाय रखडलं की नातलगांना दुःख होतं असं म्हणवत नाही. बरेच दिवस ते त्याच क्षणाची वाट बघत असतात.

गंमत अशी की ज्या मोबाईलवर ‘तर चालतंय’, त्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. भिंतीवरच्या राउटरमध्येही पुष्कळदा तोच असतो. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा एक निळा-काळा राउटर बाजारात आला. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याच्या आत लिनक्स असल्याचं हुडकून काढलं, कंपनीला तो कोड खुला करावा लागला आणि त्यातून पुढे ओपन-डब्ल्यूआरटी नावाची राउटरसाठीची अख्खी प्रणाली उभी राहिली. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातला प्रत्येक महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. हे सगळं घरी समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं गेलं.

‘अहो, मग एवढ्या सगळ्यांना जमतं ते तुमच्याच लॅपटॉपला का जमत नाही?’

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या चोख होता.

त्याचं उत्तर ड्रायव्हर या एका शब्दात आहे. वायफायचं कार्ड म्हणजे मदरबोर्डवर बसलेली दोन बोटं रुंदीची चिप. तिच्याशी बोलायचं कसं हे ती बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतं. मोबाईलवाला गिऱ्हाईक लाखो नग घेतो, म्हणून त्याच्यासाठी कंपनी बसून नीट ड्रायव्हर लिहून देते. विंडोजसाठीही देते. लॅपटॉपवरच्या लिनक्ससाठी मात्र बरीच वर्षं कंपन्यांचं धोरण ‘बघू’ असं होतं. तेव्हा लोकांनी काय काय केलं! एन-डीआयएस-रॅपर नावाचा प्रोग्राम होता. तो विंडोजचा ड्रायव्हर उचलून लिनक्समध्ये आणायचा आणि त्याला आपण अजून विंडोजमध्येच आहोत असं भासवायचा. दुसरं एक हत्यार विंडोजच्या ड्रायव्हरमधून चिपला लागणारा तुकडा तेवढा कापून काढायचं. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी तर एका गटाने चिपचं वागणं निरखून त्याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून ड्रायव्हर लिहिला. उगाच कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून दोन्ही गट वेगळे. कंपनीने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो २०१० साली.

डेबियन नावाचं लिनक्स बनवणाऱ्यांची तत्त्वनिष्ठा आणखी वरची. त्यांच्या अधिकृत सीडीत फक्त पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर असायचं. वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर मुक्त नाही, सबब ते सीडीत नाही. मग ते मिळवायचं कुठून? इंटरनेटवरून. इंटरनेट कशाने लावायचं? वायफायने. हा पेच त्यांनी मतदान घेऊन सोडवला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत मिळू लागलं. तोवर लोक मोबाईल यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडून त्याच्या नेटवर काम भागवत होते. म्हणजे तेव्हाही मोबाईलवर चालतच होतं.

पण ही झाली बंद वायफायची कथा, आणि बंदला मान असतो हे वर सांगितलंच. आता बहुतेक कार्डं लिनक्स टाकल्या टाकल्या चालू होतात. आता प्रश्न मंदपणाचा.

मंदपणाची तक्रार नोंदवली की फायबरवाल्या कंपनीचा मुलगा येतो. पाठीवर सॅक, एका कानात इअरफोन, हातात मुठीएवढं मीटर. तो राउटरमागची पिवळी वायर काढतो, तिचं टोक मीटरमध्ये खुपसतो, ‘उणे एकोणीस, एक नंबर’ असं स्वतःशीच म्हणतो आणि वायर परत लावतो. मग स्वतःचा मोबाईल काढून स्पीड टेस्ट लावतो. काटा सरसर चढतो. मोबाईल तो आपल्याला दाखवत नाही. घरातल्या बाईमाणसाला दाखवतो.

‘बघा ताई, शंभरचा प्लॅन आहे, अठ्ठ्याण्णव येतंय.’

‘मी हेच सांगत होते,’ असं ताई म्हणतात.

मग तो लॅपटॉपकडे वळतो. पडद्यावर टर्मिनल उघडलेलं असतं, काळ्यावर हिरवी अक्षरं वर सरकत असतात. तो अर्धं पाऊल मागे घेतो. ‘काका, हे हॅकिंगचं आहे का?’ नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. हो म्हटलं तर कार्ड देऊन जातो आणि त्याच्या मित्राचं इन्स्टा अकाउंट परत मिळेल का, असा मेसेज संध्याकाळी येतो. जाताना दारात चपला घालत तो निदान सांगतो, ‘लाईन ओके आहे. लॅपटॉप फॉरमॅट मारून घ्या.’

या देशात पोटदुखीपासून लॅपटॉपपर्यंत शेवटचा उपाय आधी सांगण्याची पद्धत आहे.

वास्तविक पहिला उपाय अगदी सोपा आणि फुकटचा. पिंग, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. तोही गूगलला नाही, आपल्याच राउटरला. पुष्कळांच्या घरी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. राउटर समोरच्या भिंतीवर, लॅपटॉप पलंगावर, मध्ये बारा फूट हवा. या बारा फुटांना दोन-तीन मिलिसेकंद लागायला हवेत. आमच्याकडे पडद्यावर येत होतं ते असं: तीन, दोन, चार, दोनशे ऐंशी, अकराशे, तीन, आणि मग एक ओळ गायब. म्हणजे फायबर अठ्ठ्याण्णव देत असेल नाहीतर नऊशे. आपला निरोप हॉल ओलांडून भिंतीपर्यंत जाता जाताच कुठेतरी टेकत होता. एवढ्या एका आकड्याने फायबर कंपनी, समुद्राखालची केबल आणि अमेरिकेतले सर्व्हर हे सगळे संशयित एका फटक्यात सुटतात. उरतात तिघे: राउटर, लॅपटॉप आणि हवा.

हवेची चौकशी आधी करावी. टर्मिनलमध्ये एक आज्ञा दिली की आसपासच्या सगळ्या वायफायची यादी येते: नाव, चॅनेल, ताकद. आम्ही डोंबिवलीत राहतो. इथे दोन इमारतींमधल्या फटीतून आकाश दिसतं ते टीव्हीच्या पडद्याएवढं; त्यामुळे यादी लांबलचक निघाली. ‘मोरया’, ‘आईचा आशीर्वाद’, ‘पैसे भरा मग वापरा’, ‘तिसरा मजला नो एंट्री’. कोणाच्या घरात काय चाललंय ते सोसायटीच्या ग्रुपपेक्षा या यादीत जास्त कळतं. ‘सुखी संसार’ नावाची दोन नेटवर्कं एकाच फ्लॅटमधून येत होती, एक हॉलमधून आणि एक बेडरूममधून, आणि पासवर्ड वेगवेगळे आहेत असं खात्रीलायकरीत्या कळलं.

खरी बातमी मात्र चॅनेलच्या रकान्यात होती. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात त्यात तेरा चॅनेल मिळतात, पण तो आकडा फसवा आहे. दोन चॅनेलमधलं अंतर पाच मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला बसायला लागते वीस-बावीस मेगाहर्ट्झ जागा. म्हणजे एकमेकांना धक्का न लावता बसणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. डोंबिवलीकराला हे समजायला वेळ लागू नये. लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवाला येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि ठाण्यापर्यंत कुणालाच नीट बसू देत नाही. तसे हे तीन नंबर आणि चार नंबरवाले राउटर. तीनवर बसलेला एकच्या मांडीवर अर्धा आणि सहाच्या खांद्यावर अर्धा.

त्यातही एक बारकावा आहे. एकाच चॅनेलवर दहा राउटर असले तर ते एकमेकांचं ऐकतात. बोलायच्या आधी कान देऊन बघायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, मग अंदाजाने थोडं आणखी थांबून बोलायचं, असा वायफायचा नियमच आहे. (सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा नियम आणावा अशी सूचना मी मांडणार होतो, पण मधे कुणी थांबलंच नाही.) शेजारच्या चॅनेलवरच्याचं बोलणं मात्र कळत नाही, नुसता गोंगाट येतो, आणि गोंगाटात बोलायचं म्हणजे प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वेग जातो तो तिथे.

याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे शेजारी रात्री साडेआठला डाळ गरम झाली की आमच्याकडे कॉल तुटायचा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही याच भागात गोंगाट करते. लॅपटॉपच्या कुशीला ती लावून ‘बॅकअप घेतोय, आज नेट फार स्लो आहे’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना काही सांगू नये, ते बॅकअप बंद करतील.

हवेचा दोष सिद्ध झाला तो गणपतीत. डोंबिवलीतला निम्मा माणूस गणपतीला कोकणात जातो आणि जाताना मेन स्विच बंद करून जातो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी यादी निम्म्यावर आली आणि नेट असं सुटलं की आईला घाबरून विचारावं लागलं, ‘अगं, प्लॅन बदलला का कुणी?’ आई म्हणाली, ‘बाप्पा आला घरात.’ पाच दिवस बाप्पाची कृपा राहिली. गौरी-गणपती करून मंडळी परतली, मोदक आले, खाजं आलं, ‘पैसे भरा मग वापरा’ परत आला आणि तीन नंबरवर बसला.

यावर उपाय ५ गिगाहर्ट्झचा. हा पट्टा मोकळा असतो आणि २०१८ साली भारतात त्याचा मोठा भाग विनापरवाना खुला झाला. पण तो भिंतीला भितो. आरसीसीची एक भिंत ओलांडली की त्याची निम्मी हिंमत जाते, दुसरी ओलांडली की तो दिसतही नाही. इथे राउटर कुठे ठेवलाय हा प्रश्न येतो आणि तो तांत्रिक उरत नाही, कौटुंबिक होतो. राउटर ठेवायची खरी जागा म्हणजे घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर. पण उघड्यावरच्या वायरी वाईट दिसतात. म्हणून तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात, स्टीलच्या ट्रॉफीच्या मागे, सेट टॉप बॉक्सच्या उरावर असतो. आमच्याकडे त्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं आवरणही आहे. दोन अँटेनांना दोन बाह्या आहेत. आवरणाने सिग्नलला काही होत नाही, हे मला मान्य आहे. ट्रॉफीने होतं.

सिग्नल किती हे मोजायचं एकक डीबीएम, आणि ते नेहमी उण्यात असतं. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे सत्तर म्हणजे कुथत, उणे ऐंशी म्हणजे देवाचं नाव घ्या. ट्रॉफी हलवल्यावर मी आनंदाने ओरडलो, ‘उणे एकाहत्तरचे उणे साठ झाले!’

‘म्हणजे कमी झालं ना?’

‘नाही, वाढलं. उणे साठ हे उणे एकाहत्तरपेक्षा जास्त.’

‘बाबा, अकराच तर वाढलं,’ मुलगी म्हणाली.

‘अकरा नाही, बारा पटींहून जास्त वाढलं. दर दहाला दहापट.’

घरात थोडा वेळ शांतता पसरली. मग मुलीने नीट, समजुतीच्या आवाजात विचारलं, ‘पण बाबा, चालतंय का?’

चालत नव्हतं. राउटर सुटला, हवा बऱ्यापैकी सुटली, उरला लॅपटॉप.

इथे लिनक्सचा स्वभाव कळतो. दुसऱ्या प्रणालीत बिघाड झाला की ‘काहीतरी चुकलं’ असा एक मोघम निरोप येतो आणि खाली ‘ओके’ असं बटण असतं. ते दाबून आपण बिघाडाला मान्यता देतो. लिनक्स असलं काही करत नाही. ते सगळं सांगतं. लॉग उघडला की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ टाकून लिहिलेलं असतं की अमुक वाजता लॅपटॉपने राउटरशी संबंध तोडला, कारण क्रमांक तीन, आणि पुढे शेरा: हा निर्णय स्थानिक पातळीवर घेतला. म्हणजे राउटरने हाकललं नव्हतं. आपलाच लॅपटॉप न सांगता उठून गेला होता, पुन्हा आला होता, पुन्हा गेला होता, आणि दर खेपेला जाण्याची रीतसर नोंद करत होता.

असं तो का करतो याचं एक कारण काटकसर. बॅटरी वाचावी म्हणून वायफायचं कार्ड मधून मधून डुलकी घेतं. झोपताना राउटरला सांगतं, ‘माझं काही आलं तर ठेवून घे.’ राउटर ठेवून घेतो आणि सेकंदाला दहाएक वेळा घोषणा करतो की अमक्याचं टपाल आलंय. कार्ड त्या घोषणेला जागं झालं तर ठीक. काही कार्डांची झोप गाढ असते, मग टपाल साचत जातं आणि पिंग अकराशेवर जातं. यासाठी पॉवर सेव्ह बंद करायचा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्याची एक फाईल असते. तिच्यात वायफाय पॉवर सेव्ह बरोबर तीन असं लिहिलेलं असतं. तीन म्हणजे चालू. बंद करायचं तर तिथे दोन लिहायचं. शून्य नाही, शून्य म्हणजे ठरलेलं जे असेल ते. एकही नाही, एक म्हणजे जे आहे त्याला हात लावू नका. ज्या कुणी हे ठरवलं तो निवडणूक आयोगात असता तर फार गाजला असता. आणि दोन लिहून फाईल बंद केली की कळतं, फाईलच्या नावातच ‘पॉवर सेव्ह ऑन’ आहे. ते तसंच ठेवायचं.

दुसरी भानगड नागरिकत्वाची. कुठल्या देशात कुठलं चॅनेल किती ताकदीने वापरता येतं याचे कायदे वेगळे, म्हणून लॅपटॉपने आपला देश सांगायचा असतो. आमच्या लॅपटॉपला विचारलं. उत्तर आलं, देश: शून्य शून्य. आधार कार्ड, पॅन कार्ड, घराचं ॲग्रीमेंट असलेल्या माणसाच्या मांडीवर बसून हा स्वतःला कुठल्याच देशाचा मानत नव्हता. देश ठाऊक नसला की तो जगातले सगळ्यात कडक नियम पाळतो. पुष्कळ चॅनेलवर आपण होऊन तोंड उघडायचं नाही, दुसरा कुणी आधी बोलला तर बोलायचं. एका आज्ञेत त्याला भारतीय केला. कागदपत्रं लागली नाहीत, कुणाला भेटावं लागलं नाही.

आणि तिसरी, अँटेनाची. लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेला लपलेला असतो. कार्डापासून बारीक वायर बिजागरीतून वर जाते. कार्डाला अशा दोन वायरींची सोय असते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये पैसे वाचवायला एकच वायर लावतात आणि कार्डाच्या स्मृतीत नोंद भलत्याच बाजूची करून ठेवतात. मग कार्ड बिचारं, जिथे काहीच लावलेलं नाही त्या टोकाला कान लावून बसतं आणि तरीही भिंतीपलीकडचं थोडंफार ऐकतं, हे खरं तर त्याचं कौतुक आहे. विंडोजचा ड्रायव्हर ही गोम जाणून असतो. लिनक्सच्या ड्रायव्हरला सांगावं लागतं: अँटेना एक किंवा अँटेना दोन. आकडा बदलला, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, आणि खोली न बदलता, राउटर न हलवता उणे साठचे उणे बावन्न झाले.

हा आकडा बदलायची सोय ज्यांच्या हाताखालून आली ते लॅरी फिंगर नावाचे अमेरिकन गृहस्थ. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. पेशाने स्फटिकांचे अभ्यासक, कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. एल साल्वादोरमधल्या ज्वालामुखीत सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्यावरून फिंगराइट असं नाव आहे. माणूस निवृत्त झाला की आपल्याकडे सकाळी बागेत हसतो आणि दुपारी बँकेत भांडतो. यांनी स्वस्त लॅपटॉपांमधल्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हर दुरुस्त करायला घेतले. ब्रॉडकॉमच्या त्या कामात ते होते, पुढे रियलटेकच्या ड्रायव्हरांचा भार वाहत राहिले. कुठल्या कुठल्या देशातले लोक तक्रारी घेऊन यायचे, त्यातले बरेच आधी रागावून यायचे, आणि ते बसून उत्तरं द्यायचे. २०२४ साली ते गेले. ज्याच्या नावाचा दगड आहे अशा माणसाने माझ्या अँटेनाची काळजी करावी, या विचाराने मला अजून थोडं संकोचल्यासारखं होतं.

तर अखेर नेट पळू लागलं. कशाने, ते विचारू नका. शास्त्र म्हणतं एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मोजावं. प्रयोगशाळेत ते ठीक आहे. घरात आपण अँटेनाचा आकडा बदलत असताना आई ट्रॉफी पुसून परत राउटरसमोर ठेवते, मुलगी सगळे फोटो क्लाउडवर चढवायला लावते, आणि ‘सुखी संसार’पैकी बेडरूममधला राउटर कायमचा बंद होतो. कारण कळलं नाही. हॉलमधला चालू आहे.

एवढं सगळं शिकल्यावर ते कुणाला तरी दाखवावंसं वाटणारच. माझा एक कॉलेजातला मित्र हिंजवडीत वायरलेसचंच काम करतो. नवीन राउटर बाजारात जायच्या आधी त्यांच्याकडे तपासायला येतात. पुण्याला गेलो होतो तेव्हा लॅपटॉप काखोटीला मारून त्याच्याकडे थडकलो. लॉग, डीबीएम, चॅनेल, देश, सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. बेल दाबली. आतून त्याचा आवाज आला, ‘ये ये, दार उघडंच आहे. आणि पाय जरा उचलून टाक, उंबऱ्याजवळ लॅनची केबल आहे. मागच्या आठवड्यात सासरे अडखळले.’